जंगलात जाऊन झोप मोजणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंबोली ते तिलारी या पट्ट्यात वानरं आणि सरडे रात्री कुठे झोपतात, कसे झोपतात, किती वेळा दचकून जागे होतात, हे पाहण्यात माझी अकरा वर्षं गेली. शाळा-कॉलेजांत बोलायला गेले की प्रश्न साधारण तेच येतात. काही बारावीच्या मुलामुलींचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही खुद्द वनखात्यातल्या मंडळींचे. दरवेळी घाईत अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावीत, म्हणून हे पान.

झोपेचा अभ्यास करायला जंगलात कशाला जावं लागतं? प्राणिसंग्रहालयात जमत नाही का?

याचं उत्तर स्लॉथ नावाच्या, झाडांवर राहणाऱ्या आणि आळशी म्हणून जगभर बदनाम झालेल्या प्राण्याने दिलं आहे. स्लॉथ दिवसाला सोळा तास झोपतो, असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं. तो आकडा पिंजऱ्यातल्या स्लॉथचा होता. २००८ साली नील्स राटेनबॉर्ग, ब्रायसन व्होइरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर तीन रानटी स्लॉथ माद्या पकडल्या, मेंदूच्या लहरी नोंदवणारं छोटं यंत्र त्यांच्या डोक्यावर बसवलं आणि त्यांना पुन्हा जंगलात सोडलं. आकडा आला ९.६३ तास. म्हणजे सहा तासांहून जास्त झोप त्या पिंजऱ्याची होती, स्लॉथची नव्हतीच. रानातल्या प्राण्याच्या मेंदूतली झोप त्याच्याच घरात नोंदवण्याची ती पहिली वेळ.

पिंजऱ्यात पाला समोर येऊन पडतो, मागे लागणारं कोणी नसतं, जोडीदार शोधायचा नसतो. अशा ठिकाणी प्राणी किती झोपू शकतो ते कळतं. तो प्रत्यक्षात किती झोपतो, हे कळायला त्याच्या आयुष्यात भूक आणि भीती दोन्ही असावी लागतात. २०१४ मध्ये याच कामाचा पुढचा भाग आला. पनामाच्या मुख्य भूमीवरचे स्लॉथ, जिथे रात्री शिकार करणारी रानमांजरं असतात, आणि एका लहान बेटावरचे स्लॉथ, जिथे ती नसतात, यांची तुलना केली. एकूण झोप दोघांची जवळपास सारखीच. पण मुख्य भूमीवरचे स्लॉथ मुद्दाम रात्री झोपत होते, बेटावरच्यांना दिवस-रात्रीचं सोयरसुतक नव्हतं. मांजर फिरते त्या वेळी हलायचं नाही, निपचित पडून राहायचं, असा तो हिशोब दिसतो. मला हे फार मोलाचं वाटतं. झोप किती, याइतकाच झोप कधी आणि कुठे, हाही प्राण्याने घेतलेला निर्णय असतो आणि त्या निर्णयावर त्याचा जीव टांगलेला असतो.

तेव्हापासून एखाद्या प्राण्याच्या झोपेचा आकडा ऐकला की मी आधी विचारते, मोजला कुठे?

प्राणी झोपलाय की नुसता पडलाय, हे कळतं कसं?

आमचं सगळं काम याच प्रश्नावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

ऑंरी पिएराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१३ मध्येच झोपेच्या बाहेरून दिसणाऱ्या खुणा मांडल्या होत्या. पुढे त्यात भर पडली, पण गाभा तोच राहिला. प्राणी स्थिर असतो, त्याच्या जातीची ठरलेली बैठक घेतो, हलक्या आवाजाला किंवा स्पर्शाला दाद देत नाही, मात्र जोरात हलवलं तर लगेच जागा होतो. बेशुद्धी आणि झोप यांतला फरक इथेच कळतो. आणखी एक खूण फार महत्त्वाची: झोप बुडाली तर ती पुढे भरून काढली जाते. रात्रभर लग्नघरात जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी जसा गाढ झोपतो, तसंच.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तिलारीच्या बाजूला एका उंच बेहड्यावर चौदा वानरांची टोळी मुक्कामाला यायची. आम्ही झाडापासून वीसेक मीटरवर, अंधारात दिसणारा कॅमेरा लावून बसलो होतो. एक मादी फांदीच्या दुबेळक्यात, गुडघ्यांत मान घालून बसली होती, पोटाशी पिल्लू. दीड तास ती तसूभरही हलली नाही. नोंदवहीत मी तिच्यासमोर लिहिलं, ११.१० ते १२.४०, झोप.

आठवडाभराने तेच चित्रीकरण लॅपटॉपवर एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं. डोकं खाली होतं, पण डोळे उघडे होते. कॅमेऱ्याच्या प्रकाशात ते बारीक चमकत होते. आमच्यापैकी कोणी पाय सरकवला, पाण्याची बाटली उघडली की तिचा एक कान आमच्या दिशेला वळत होता. दीड तास ती आमच्यावर पहारा देत होती. माझ्यामुळे तिची झोप बुडत होती आणि तेच मी झोप म्हणून मोजत होते. त्या मोसमातल्या सगळ्या नोंदी मी बाजूला काढल्या. पुढच्या वर्षीपासून टोळी झाडावर येण्याआधी, भर दुपारी कॅमेरे लावून ठेवायचे आणि सूर्यास्तानंतर तिथे माणूस थांबवायचाच नाही, असा नियम केला.

म्हणजे डोळ्यांनी पाहणं कामाचं नाही असं मुळीच नाही. पण जिथे शक्य आहे तिथे यंत्राची जोड लागते. मेंदूच्या लहरी नोंदवणं, म्हणजे ईईजी, ही सगळ्यात खात्रीची पद्धत. गाढ झोपेत लहरी मोठ्या आणि संथ होतात. स्वप्नांच्या झोपेत, जिला रेम म्हणतात, लहरी जागेपणीसारख्या होतात पण स्नायू सैल पडतात. दुसरी पद्धत ॲक्सेलरोमीटरची, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या चिपची. तुमच्या मोबाइलमध्ये आणि मनगटावरच्या घड्याळात तीच असते. ती झोप थेट दाखवत नाही, हालचाल थांबली एवढंच सांगते. तिच्या आकड्यांवरून झोप ओळखायची तर आधी चित्रीकरणाशी ताडून पाहावं लागतं.

आणि कधीकधी प्राण्याचा स्वभाव माहीत असणं यंत्रापेक्षा जास्त कामी येतं. बोट्स्वानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानात पॉल मँगर आणि सहकाऱ्यांनी दोन हत्तिणींची झोप मोजली, दोघीही आपापल्या कळपाच्या म्होरक्या. हत्तीच्या मेंदूच्या लहरी रानात नोंदवणं फार अवघड. त्यांनी विचार केला तो असा: जागा हत्ती सोंड स्वस्थ ठेवतच नाही. म्हणून हालचाल टिपणारी चिप सोंडेच्या कातडीखाली बसवली आणि सोंड सलग पाच मिनिटं निश्चल राहिली की झोप धरली. हत्तीकडे तासन् तास पाहिलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

मग त्या हत्तिणी किती झोपत होत्या?

दिवसाला सरासरी दोन तास. तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांत, बहुतेक पहाटेच्या आधी. आडव्या होऊन झोपायच्या त्या तीन-चार दिवसांतून एकदाच, एरवी उभ्याउभ्याच. काही वेळा काहीतरी बिनसलं की कळप रात्रभर चालत राहायचा आणि तेव्हा सलग ४६ तासांपर्यंत झोप नव्हती. हा अभ्यास २०१७ चा. हत्तिणी दोनच होत्या हे विसरू नये. तरी महिनाभराहून जास्त काळाची सलग नोंद मिळाली, ही या कामात श्रीमंतीच आहे.

उडता उडता पक्षी झोपतात, हे खरं का?

खरं आहे आणि मोजलेलं आहे. गॅलापागोस बेटांवरच्या फ्रिगेट पक्ष्यांवर राटेनबॉर्ग यांच्या गटाने हे काम केलं, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. फ्रिगेट हा समुद्रावर जगणारा पक्षी, पण त्याची पिसं पाणी धरतात, त्यामुळे त्याला पाण्यावर बसता येत नाही. पावसाळी वादळात भरकटलेले फ्रिगेट आपल्या कोकण किनाऱ्यावरही कधीमधी येतात. दमलेला पक्षी सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. गॅलापागोसच्या माद्या दहा दहा दिवस, तीन हजार किलोमीटरपर्यंत, न टेकता उडत होत्या. डोक्यावरच्या यंत्राने दाखवलं की त्या झोपतात. कधी मेंदूचा अर्धा भाग झोपतो आणि अर्धा जागा राहतो, तर कधी दोन्ही भाग एकदम झोपतात, चक्क हवेत. वर चढणाऱ्या हवेच्या झोतात गोल घिरट्या घालताना ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा डोळा उघडा. डुलकी काही सेकंदांची. सगळी मिळून दिवसाला सरासरी ४२ मिनिटं.

आणि हेच पक्षी घरट्यावर परतले की दिवसाला बारा तासांहून जास्त झोपतात. मला यातला हा भाग जास्त बोलका वाटतो. कमी झोपेवर भागवता येणं म्हणजे झोपेची गरज नसणं नव्हे.

दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास अमूर ससाणे ईशान्य भारतातून येऊन, महाराष्ट्रावरून पुढे अरबी समुद्र ओलांडत आफ्रिकेकडे जातात. ते वाटेत झोपतात का, हे मला प्रत्येक व्याख्यानात विचारलं जातं. फ्रिगेटला जमतं म्हणून ससाण्यालाही जमत असेल, असं मी म्हणणार नाही. फ्रिगेट पंख पसरून तरंगतो, ससाण्याची उडण्याची तऱ्हा वेगळी. प्रत्येक पक्ष्याचं उत्तर त्याच्याच डोक्यावरून घ्यावं लागतं.

यंत्र बसवताना प्राण्याला त्रास होत नाही?

होतो. तो होत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पकडलं जाणं, भूल, पाठीवर किंवा डोक्यावर परकी वस्तू, या सगळ्याची भीती बसतेच. आपलं काम ती कमीत कमी ठेवण्याचं. पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांहून जास्त ओझं लादायचं नाही असा संकेत आहे. साळुंकीचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. म्हणजे बॅटरी धरून यंत्र साडेतीन ग्रॅमच्या आसपास हवं. दोन चमचे साखरही यापेक्षा जड भरते. पक्ष्यांमध्ये ईईजीसाठी भूल देऊन छोटी शस्त्रक्रिया करावी लागते, त्यामुळे सोबत पशुवैद्य असलाच पाहिजे. पकडल्यानंतरच्या पहिल्या रात्रींच्या नोंदी बहुतेकदा धरत नाहीत, कारण ती झोप धास्तावलेल्या प्राण्याची असते.

शस्त्रक्रियेशिवाय जमत असेल तर तोच मार्ग घ्यावा. कॅलिफोर्नियातल्या जेसिका केंडल-बार यांनी एलिफंट सील या समुद्री सस्तन प्राण्यासाठी वरून चिकटवायची टोपी आणि संवेदक तयार केले. २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासातून कळलं की महिनोन् महिने समुद्रात असताना हे सील दिवसाला जेमतेम दोन तास झोपतात, आणि तेही खोल बुडी मारून, जिथे शार्क आणि किलर व्हेल सहसा नसतात. आधी ते संथपणे खाली तरंगत जातात. मग रेम झोप लागली की अंग सैल पडतं, सील उलटा होतो आणि गळणाऱ्या पानासारखा गोल गोल फिरत खाली जातो. एकेक डुलकी वीस मिनिटांच्या आतली. किनाऱ्यावर मात्र दहा तासांहून जास्त झोप. पुन्हा तोच फ्रिगेटचा हिशोब.

झोप कमी केल्याने कोणाला फायदा होतो का?

निदान एका पक्ष्याला होताना दिसला आहे. अलास्काच्या उत्तर टोकाला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथे आपल्या तुतवारांच्या कुळातला पेक्टोरल सँडपायपर विणीला येतो. नर पिलांकडे बघत नाही, तीन आठवडे फक्त माद्यांमागे धावतो आणि इतर नरांशी भांडतो. जॉन लेस्कू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की जे नर सगळ्यात कमी झोपले, त्यांचीच पिल्लं सगळ्यात जास्त निपजली. एक नर तर १९ दिवस ९५ टक्क्यांहून जास्त वेळ जागा होता.

उलट टोकाला चिनस्ट्रॅप पेंग्विन. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर अंड्यांची राखण करताना हे पेंग्विन दिवसाला दहा हजारांहून जास्त डुलक्या घेतात, प्रत्येक साधारण चार सेकंदांची. बेरीज अकरा तासांच्या वर जाते. पोल-ॲंतोआन लिबुरेल यांच्या गटाचं हे काम, तेही २०२३ चंच. वसाहतीच्या कडेला, शिकारी पक्ष्यांच्या तोंडावर बसलेले पेंग्विन जास्त अस्वस्थ झोपत असतील असं वाटलं होतं. निघालं उलटंच: मधल्यांची झोप जास्त तुटक होती. शेजाऱ्यांच्या गोंगाटाचा आणि चोची मारण्याचा जाच शिकाऱ्याच्या भीतीपेक्षा मोठा ठरला असावा. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

सापाला, माशाला पापण्याच नसतात. ते झोपतात का?

झोपतात. पापणी ही झोपेची अट नाही. तिथे बैठक, श्वासाची गती आणि स्पर्शाला दिलेला प्रतिसाद यांवरून ठरवावं लागतं. डोळे उघडे आहेत म्हणून साप जागा आहे, किंवा हलत नाही म्हणून झोपला आहे, दोन्ही समजुती धोक्याच्या.

शीतनिद्रा म्हणजे लांबलेली झोपच ना?

नाही. शीतनिद्रेत शरीराचं तापमान आणि चयापचय खाली येतो. मेंदूचं कामही थंडावतं. शीतनिद्रेतून बाहेर आलेल्या खारी लगेच गाढ झोपतात, असं दिसलं आहे. आपल्याकडचं अस्वल तर शीतनिद्रा घेतही नाही.

प्राणी स्वप्नं पाहतात का?

रेम झोप सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत आहे. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत ऑस्ट्रेलियन ड्रॅगन सरड्याच्या मेंदूतही तिच्यासारखी अवस्था सापडली, साधारण ८० सेकंदांच्या चक्रात. त्यांना आत काय दिसतं, यावर मी बोलत नाही. झोपलेल्या वानराच्या पिल्लाचे ओठ दूध पिताना हलतात तसे हलताना मी पाहिले आहेत, एवढं मात्र सांगू शकते.

या क्षेत्रात यायला काय शिकावं लागतं?

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पशुवैद्यक, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, यांपैकी कुठलीही पदवी चालते. पुढे पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी. आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) वन्यजीव विषयाचं एम.एस्सी. आहे, जागा थोड्या असतात, एनसीबीएसमध्ये प्रवेश दरवर्षी नसतो आणि स्पर्धा देशभराची असते. आयसर पुणे ही केंद्र सरकारची विज्ञानशिक्षण संस्था, हा बारावीनंतरचा थेट रस्ता. त्यानंतर पीएच.डी., म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं.

केवळ रानातल्या झोपेवर काम करणारे गट जगातच थोडे आहेत. जर्मनीत म्युनिकजवळचं झेविझेन आणि कॉन्स्टान्स इथल्या मॅक्स प्लांक संस्था, मेलबर्नचं ला ट्रोब विद्यापीठ, फ्रान्समध्ये लियाँ. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मारिया ठाकर यांच्या गटाने शहरातले आणि खेड्यातले खडकसरडे रात्री झोपायला कशा जागा निवडतात, याचा सुरेख अभ्यास केला आहे. तो शोधून वाचा. महागडं यंत्र नसतानाही झोपेवर नेमका प्रश्न विचारता येतो, हे त्यातून कळेल.

एक गोष्ट मुलं हमखास टाळतात: गणित. ॲक्सेलरोमीटर सेकंदाला २५ वेळा तीन दिशांनी मोजत असेल तर एका प्राण्याचे एका दिवसाचे ६४ लाख ८० हजार आकडे होतात. ते हाताळायला प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र यावंच लागतं. माझ्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ जंगलात नव्हे, खोलीत पंख्याखाली जातो. ज्यांना फक्त जंगल हवं आहे त्यांनी हे आधीच ओळखलेलं बरं.

पैसे मिळतात का?

नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो झालात की ४२,०००, घरभाडं वेगळं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. फेलोशिप नसेल तर एखाद्या प्रकल्पात सहायक म्हणून याहून बऱ्याच कमी पैशांत काम करावं लागतं आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी उलटते. ज्या घरात मुलाच्या किंवा मुलीच्या पगाराकडे डोळे लागलेले असतात, तिथे हा निर्णय सगळ्यांनी बसून घ्यावा. ध्यास आहे म्हणून पैशाचा प्रश्न सुटत नाही. मी हे पहिल्या तीन वर्षांत उधारीवर शिकले.

परवानग्यांचं काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभ्यासासाठी रानटी प्राणी पकडायचा किंवा कॉलर घालायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते; आपल्या राज्यात ते कार्यालय नागपूरला आहे. प्राणी अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. अभयारण्यात शिरायची परवानगी वेगळी, आपल्या संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची संमती वेगळी. या कामाला महिने लागतात. एका वर्षी आमचं पत्र मार्चऐवजी जूनमध्ये हाती पडलं. तोवर घाटात पाऊस सुरू झाला होता, कॅमेऱ्यांच्या भिंगांवर धुकं बसत होतं आणि आखलेला सगळा मोसम हातचा गेला. तेव्हा संताप आला होता, अजूनही येतो. पण ही चाळण असावी असंच माझं मत आहे. झोपलेला प्राणी सगळ्यात असहाय असतो, त्याच्याजवळ कोणालाही जाऊ देणं बरोबर नाही.

तोपर्यंत परवानगीशिवाय करता येण्यासारखं खूप असतं. बुद्ध पौर्णिमेला वनखातं मचाणावर बसण्यासाठी स्वयंसेवक घेतं, तिथे नाव द्या. रात्रभर गप्प बसणं आपल्याला झेपतं का, हे एका रात्रीत समजेल.

माझ्या मुलीला हे करायचं आहे. रात्री जंगलात, सुरक्षित असतं का?

हा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता, म्हणून तिला दिलं तेच उत्तर देते. ताई, दादा, बिबट्याची भीती यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. पहिली भीती दुचाकीची. रात्रभर जागून पहाटे चारला घाटातून गाडी चालवणं, याइतकं धोक्याचं मी काहीच केलेलं नाही, आणि आता करतही नाही. काम संपलं की तिथेच झोपायचं, उजाडल्यावर निघायचं. दुसरी भीती गोचिडांची. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमधून पसरतो. अंगभर कपडे, विजार मोज्यांत खोचलेली, गोचिडांसाठीचं तेल आणि परतल्यावर अंघोळ करून सगळं अंग तपासणं. मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्रात आणि वनखात्यात कळवायचं. तिसरी भीती फुरशाची आणि घोणसाची. गमबूट घालायचे आणि विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आणि माणसांची भीती? ती नाही असं म्हणणार नाही. एकटीने कधीच जायचं नाही. गावातलं माणूस सोबत हवं, ज्याच्या घरचे आपल्याला ओळखतात असं. पहिली पाच वर्षं माझ्यासोबत गावातले एक काका होते, आधी वनमजूर म्हणून राबलेले. त्यांची बायको मला डबा द्यायची आणि परतायला उशीर झाला की दारात कंदील घेऊन उभी असायची. माझी खरी सुरक्षितता ती होती. मुलीला पाठवण्याआधी ती कुठल्या घरी जेवणार आहे ते विचारा, आणि शक्य असेल तर एकदा स्वतः जाऊन त्या घरी चहा घ्या.

तुम्ही स्वतः कधी झोपता?

दोन रात्री काम, तिसरी रात्र पूर्ण झोप. दुपारी एक ते चार खोली अंधारी. हे वेळापत्रक मोडलं की नोंदींत चुका होतात.

या सगळ्याचा उपयोग काय?

औषधांच्या कामाला याचा पुढेमागे उपयोग होईल, पण मला जवळचं वाटतं ते दुसरं. आपण रानातल्या प्राण्यांची झोप मोडतो आहोत आणि ती मोडतो आहोत हे आपल्याला दिसत नाही. झाड तोडलं तर खोड उरतं. बुडालेली झोप मागे काहीच ठेवत नाही. २०१५ मध्ये युरोपातल्या ग्रेट टिट पक्ष्यांच्या घरट्यांच्या पेट्यांत छोटा एलईडी लावून पाहिला, तेव्हा पक्षी लवकर उठले आणि एकूण कमी झोपले. मेलबर्नमध्ये २०२० च्या प्रयोगात पांढऱ्या दिव्याने कबुतरांची आणि मॅगपाय नावाच्या पक्ष्यांची झोप बिघडली. पिवळसर दिव्याने मॅगपायना जरा दिलासा मिळाला, कबुतरांना नाही. म्हणजे दिवे पिवळे केले की झालं, हेही सरसकट खरं नाही.

आता आपल्याकडे या. मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. काजव्यांचं काय होतं यावर लोक बोलतात, ते बरंच आहे. पण त्याच रस्त्याकडेच्या झुडपांत सरडे आणि लहान पक्षी झोपलेले असतात, आणि दर अर्ध्या मिनिटाला त्यांच्यावरून गाडीचा झोत फिरतो. जंगलाला लागून असलेली हॉटेलं झाडांवर खालून पांढरे दिवे सोडतात, शोभा म्हणून. त्या झाडावर आधी कोण मुक्कामाला यायचं, हे हॉटेलवाल्याला विचारून पाहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो नाव घेऊन सांगेल.

मला आजपासूनच सुरुवात करायची असेल तर?

सरड्यापासून करा. बागेत, शेताच्या बांधावर, सोसायटीच्या कुंपणाच्या मेंदीवरही तो असतो. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबराने बसवा. रात्री नऊनंतर जा. दिवसा मातीच्या रंगात हरवणारा सरडा रात्री फिकट, जवळपास पांढुरका दिसतो, त्यामुळे सापडतो पटकन. तो बहुतेक बारीक काडीच्या टोकाकडे, काडीला चारही पायांनी धरून, शेपटी लोंबती सोडून झोपलेला असेल. जाड, भक्कम फांदी शेजारीच असते, तरी ती तो निवडत नाही. मांजऱ्या साप रात्री काड्यांवरून सरडे शोधत फिरतो आणि बारीक काडीवर चढला की ती हलते. ते हलणं सरड्याला जागं करत असावं.

हात लावू नका, फ्लॅश मारू नका. वहीत लिहा: तारीख, वेळ, झाड, जमिनीपासून उंची, काडीची जाडी, तोंड कुठल्या दिशेला, डोळे बंद की उघडे. जागेवर दोरा बांधू नका, खूण लक्षात ठेवा. पहाटे सहाला परत जा आणि तो तिथेच आहे का बघा. दुसऱ्या रात्री त्याच काडीवर येतो की नवी शोधतो, तेही बघा. पंधरा रात्री झाल्या की तुमच्या वहीत त्या एका सरड्याबद्दल जे असेल, ते दुसऱ्या कोणाकडे नसेल.